नावांची वही

दोन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका रविवारी पुण्यातल्या आमच्या मेथॉडिस्ट मंडळीची, म्हणजे चर्चची, उपासना आटोपल्यावर पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मला थांबवून घेतलं. म्हणाले, "ताई, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी स्मरणाची उपासना घेऊ या. या मंडळीत सेवा करून प्रभूमध्ये निजलेले पाळक आणि मंडळीसाठी आयुष्य वेचलेली माणसं, सगळ्यांची नावं वाचायची. यादी तुम्ही करा. तुमचं अक्षर चांगलं आहे." मी शाळेच्या ऑफिसात ३४ वर्षं हजेरीपट आणि दाखले लिहिलेली बाई. नावांची यादी करायला काय लागतं, असं मला वाटलं. पंधरा दिवसांत देते म्हणाले. चार महिने लागले.

या उपासनेची गरज आम्हांला २०२१ने दाखवली. त्या एप्रिल-मेमध्ये मंडळीतली माणसं एकामागून एक गेली. एरवी आमच्याकडे माणूस गेला की रात्रभर घरात गाणी चालतात. सकाळी घरून देवळात, देवळातून दफनभूमीत, आणि प्रत्येकाने मूठभर माती टाकल्याशिवाय कुणी हलत नाही. त्या दोन महिन्यांत चार-पाच जणांपलीकडे कुणाला आत सोडत नव्हते. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह, पांढरं किट घातलेली अनोळखी पोरं आणि लांब उभं राहून पाच मिनिटांत प्रार्थना करणारे पाळक. गाणं नाही की माती नाही. आणि मग ज्यांनी ते सगळे विधी केले, ते आमचे तेव्हाचे पाळकही गेले. त्यांना पोचवायला मंडळीतले फक्त दोघे होते. त्यांच्यासाठी आम्ही एक गीतसुद्धा म्हटलं नाही, ही गोष्ट मंडळीच्या मनात रुतून बसली होती.

शेजारच्या वहिनींना मी यादीचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या पितृपंधरवड्यासारखंच की!" थोडं तसं, थोडं वेगळं. गेलेल्यांची नावं घ्यायची ओढ तीच. पण आम्ही मृतांसाठी काही मागत नाही, त्यांना काही पोचवत नाही. ते प्रभूपाशी आहेत असा आमचा विश्वास आहे, म्हणून त्यांच्या आयुष्याबद्दल आभार मानायचे, एवढंच. कॅथलिक बांधव २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, मृतांसाठी मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, असते. आम्ही आदल्या दिवसाला, १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाला धरून, जवळच्या रविवारी स्मरण करायचं ठरवलं. मेथॉडिस्ट चळवळ ज्याने सुरू केली त्या जॉन वेस्लीला हा दिवस फार प्रिय होता, तसं त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. त्याच्या हयातीतच पाळकांच्या वार्षिक कॉन्फरन्समध्ये एक प्रश्न विचारला जाऊ लागला: या वर्षी कोण कोण मरण पावले? त्याचं उत्तर म्हणून नावं यायची आणि प्रत्येक नावापुढे दोन-चार ओळी. आजही आमच्या कॉन्फरन्समध्ये दिवंगत पाळकांची नावं वाचतात आणि सगळी सभा उभी राहते. मंडळीच्या पातळीवर मात्र हे कुणी नेमाने केलेलं नव्हतं.

सुरुवात मी रजिस्टरांपासून केली. वेस्ट्रीतलं, म्हणजे देवळाला लागून असलेल्या खोलीतलं, लोखंडी कपाट उघडलं तर डांबरगोळ्यांचा आणि ओल धरलेल्या कागदाचा वास. बाप्तिस्म्याची तीन रजिस्टरं, लग्नांची चार, दफनाची दोन. जुनं दफन रजिस्टर लाल कापडी पुठ्ठ्याचं, कडेने कसरीने खाल्लेलं. त्यात रकाने छापलेले: मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, नाव, आडनाव, वय, व्यवसाय, मृत्यूचं कारण, दफनाची जागा, विधी चालवणाऱ्याची सही. आधीची पानं मिशनरींच्या तिरक्या इंग्रजी अक्षरांत, पुढे मराठी. वाचता वाचता त्या रकान्यांतून शहराचं दुखणं दिसायला लागतं. ऑक्टोबर १९१८चं पान मी कधी विसरणार नाही. एरवी महिन्यात एक-दोन नोंदी, आणि त्या महिन्यात पान भरून मागच्या पानावर. कारण प्रत्येकापुढे तेच: इन्फ्लुएंझा. पहिल्या नोंदीखालची सही पूर्ण नावाची, खाली खाली ती आखडत गेली आणि शेवटी नुसती आद्याक्षरं उरली. शंभर वर्षांपूर्वी कुणी एक पाळक रोज दफनभूमीत जाऊन येऊन हे लिहीत बसला असेल. २०२१ पाहिलेलं असल्यामुळे मला ती सही वाचता आली.

रजिस्टर वाचताना दुसरी गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. पुरुषांच्या पुढे व्यवसाय असे: शिक्षक, गार्ड, आचारी, सुतार, उपदेशक. बायकांच्या पुढे अमक्याची पत्नी, अमक्याची विधवा, अमक्याची आई. कित्येकींचं नावाच्या रकान्यातसुद्धा नाव नाही. 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचं आडनाव. मी यादीत काय लिहायचं?

एक नोंद अशी होती: 'बायबलबाई, विधवा, वय अंदाजे ७०'. नावाच्या जागी फक्त 'बाई' आणि आडनाव. साल १९६३. तिच्यावर मी बोट ठेवलं आणि ते बोट पुढे तीन महिने तिथेच राहिलं.

बायबलबाई म्हणजे काय हे आता तरुणांना सांगावं लागतं. मिशनच्या काळात घराघरांत, आणि विशेषतः बाहेरच्या पुरुषाला जिथे जाता येत नसे अशा माजघरांत जाऊन बायकांना वचन वाचून दाखवणारी, अक्षर ओळखायला शिकवणारी, आजारपणात रात्र जागून काढणारी बाई. पगार तुटपुंजा, पायपीट खंडीभर. पाळकांची नावं संगमरवरी पाटीवर आली, कारण ते पाळक होते. मुंबईत गेटवेजवळच्या मेथॉडिस्ट देवळाला जॉर्ज बोवेन यांचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. हा माणूस १८४८ साली अमेरिकेहून मुंबईत आला, मिशनचा पगार सोडून गरिबांसारखा राहिला, ४० वर्षांत एकदाही मायदेशी परत गेला नाही आणि १८८८ साली इथेच वारला. पण त्या पिढीपासून पुढे ज्या घरांत वचन पोचलं, तिथल्या चुलीपर्यंत ते पोचवणाऱ्या बायकांची नावं कुठल्या देवळाला आहेत?

आमच्याकडे पुण्यात पाळकांची यादी तरी सोपी जाईल अशी माझी समजूत होती. तीही चुकली. मेथॉडिस्ट पाळक एका जागी राहत नाही. वेस्ली स्वतः घोड्यावरून गावोगाव हिंडला, आणि ती फिरती सेवा आमच्या पद्धतीतच मुरली आहे. कॉन्फरन्सच्या शेवटी बिशप नेमणुका वाचतात आणि पाळक ट्रंका बांधतो. तीन वर्षं इथे, चार वर्षं तिथे. १८७१च्या अखेरीला मेथॉडिस्ट मिशनरी विल्यम टेलर मुंबईत आले, घरोघरच्या प्रार्थनासभांतून १८७२मध्ये तिथे मंडळी उभी राहिली आणि मग हे काम पुण्याकडे सरकलं. तेव्हापासून हेच चालू आहे. पुण्याच्या सभांमध्ये विश्वासात आलेला तरुण सर्व्हेअर विल्यम ओल्डहॅम पुढे १८८५ साली सिंगापूरला जाऊन तिथल्या मेथॉडिस्ट कामाचा पाया घालतो, ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो. तीसुद्धा या फिरतीचीच गोष्ट आहे. पण या पद्धतीची एक दुसरी बाजू आहे. जो चार मंडळ्यांचा झाला तो मेल्यावर कुणाचा? प्रत्येक मंडळीला त्याची तीन वर्षं आठवतात. निवृत्तीच्या दिवशी पाळकाला बंगला सोडावा लागतो, आणि तो सेवेत असताना गेला तर विधवेला सोडावा लागतो. मग तो कुठल्या तरी मुलाच्या गावी मरतो, तिथल्या दफनभूमीत पुरला जातो, आणि ज्या देवळात त्याने पन्नासेक मुलांना बाप्तिस्मा दिला तिथे बातमी पोचते सहा महिन्यांनी.

कुठल्या पाळकाची कबर कुठे, हे शोधायला मी दफनभूमीत जायला लागले. तिथे कबरी खणणारे एक मामा आहेत, वय साठीच्या पुढचं, वडिलांचंच काम करतात. पहिल्या दिवशी मी घरून खराटा आणि साबणाची पावडर घेऊन गेले होते. मामांनी माझ्या हातातून खराटा काढून घेतला. "बाई, असं घासू नका. दगड सोलवटतो. नुसतं पाणी घाला आणि मऊ ब्रश फिरवा." मग म्हणाले, "आणि भर दुपारी येऊ नका. अक्षर दुपारी मरतं. सकाळी नाहीतर उन्हं कलल्यावर या." खरंच होतं. उन्हं डोक्यावर असताना जो काळा दगड कोरा दिसत होता, त्याच्यावर साडेपाचचं तिरपं ऊन पडलं आणि अक्षरं वर आली. सावलीतल्या कबरीसाठी मामा आरसा घेऊन यायचे, दाढीचा साधा आरसा, आणि उन्हाचा कवडसा दगडावर आडवा सोडायचे. मी वहीत लिहून घ्यायची.

काही संगमरवरी पाट्यांवरची अक्षरं शिशाची होती, ठोकून बसवलेली. शिसं कधीच कुणी उपटून नेलेलं. पण प्रत्येक अक्षर धरून ठेवायला दगडात बारीक भोकं पाडलेली असतात, ती राहिली होती. दोन भोकं खाली, एक वर. तीन भोकं उभी. भोकांवर बोटं ठेवून आम्ही एका पाळकांचं नाव वाचलं. मामांना लिहिता-वाचता बेताचंच येतं, पण ते नाव माझ्याआधी त्यांनी ओळखलं, कारण त्यांच्या वडिलांनी ती कबर खणली होती. पुष्कळ जणांची कबर मात्र आता सापडायचीच नाही. शहरात जागा नाही, कायमची घेतलेली नसेल तर काही वर्षांनी त्याच जागी दुसरं माणूस पुरतात.

सप्टेंबरमध्ये एका जुन्या पाळकांच्या मुलाला भेटायला गेले. त्यांचंही वय ऐंशीच्या घरात. एका खोलीच्या बिऱ्हाडात कॉटखाली पत्र्याची ट्रंक. वडिलांची माहिती द्या म्हटल्यावर बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "काय सांगू? ते घरात कमीच असायचे." मला वाटलं, आज रिकाम्या हातांनी जावं लागणार. निघताना म्हणाले, "ही ट्रंक त्यांची. बदली झाली की झाकणावर नव्या गावाचं नाव रंगवायचे." झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने एकच नाव होतं, पुणे. बाकी काळा रंग. मी मोबाइलचा टॉर्च लावून झाकणाच्या कडेला आडवा धरला, मामांनी शिकवल्यासारखा. काळ्या रंगाखालून जुनी नावं फुगून वर आली. इगतपुरी. त्याच्यावर थोडं सरकून कामठी. त्याखाली वाशीम. त्याच्याही खाली आणखी एक, ते वाचता आलं नाही. बदली झाली की ते जुनं नाव काळ्याने झाकायचे आणि त्यावर नवं लिहायचे. काका कॉटवरून उतरून गुडघ्यांवर बसले. चष्मा नाकावर सरकवून बघत राहिले. मग बोलायला लागले, आणि दीड तास थांबले नाहीत. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरांतल्या सभा, वाशीमला सायकलवरून खेड्यांना जाणं, पावसात भिजलेलं बायबल चुलीपाशी पान-पान सुकवणं. आई दर बदलीला तुळशीऐवजी मोगऱ्याचं रोप डब्यात घालून न्यायची, हेही त्यांना तेव्हाच आठवलं. ते मी पाळकांच्या टिपणात घातलं. रोप आईचं होतं, पण तिचं वेगळं टिपण करायला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून मी करायला घेतलं.

तोवर माझ्या लक्षात आलं होतं की 'माहिती द्या' म्हटलं की माणसं शोकसभेत बोलतात तसं बोलतात. प्रेमळ, मनमिळाऊ, प्रार्थनाशील, सर्वांना हवेहवेसे. पंधरा टिपणं लिहिली आणि पंधराही एकाच माणसाची वाटली. मी ती फाडली. मग वेगळं विचारायला लागले. कोणतं गीत गुणगुणायचे? पिशवीत काय असायचं? आजारी माणसाला भेटायला गेले की कुठे बसायचे? या तिसऱ्या प्रश्नावर लोकांचे डोळे भरून यायचे. एक पाळक कायम जमिनीवर बसायचे, म्हणजे खाटेवरच्या माणसाला मान वर करावी लागू नये. आमच्या मंडळीचे एक स्टुअर्ड, म्हणजे कारभार पाहणारे, होते, अनेक वर्षं देवळाची किल्ली त्यांच्याकडे. त्यांच्या पिशवीत नेहमी खोबरेल तेलाची बाटली असे, घंटेच्या दोराच्या कप्पीला घालायला. ते गेल्यावर कित्येक महिने घंटा करकरत होती आणि कुणालाच कळत नव्हतं की का.

२०२१मध्ये गेलेल्या आमच्या पाळकांचं टिपण मी सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. पाळकीणबाई आता मुलीकडे नागपूरला असतात. बंगला सोडावा लागला तेव्हा आम्ही कुणी टेम्पोत सामान चढवायलाही गेलो नव्हतो. निर्बंध होते हे खरं, पण निर्बंध उठल्यावर तरी जायला हवं होतं. फोन लावायला मला आठ दिवस लागले. त्यांनी आवाज ओळखला, तब्येत विचारली. मी विचारलं, साहेबांच्या स्मरणात काय लिहू? त्या म्हणाल्या, "थकले होते असं लिहा." मी काही बोलले नाही. "सगळे लिहितात, शेवटपर्यंत हसतमुख होते. नव्हते हो. एका आठवड्यात अकरा दफनं केली त्यांनी. घरी यायचे, अंगणातच आंघोळ करायचे आणि पायरीवर बसून राहायचे. मी आतून म्हणायचे, चहा ठेवते. ते म्हणायचे, ठेव, पण मला आत बोलावू नकोस." मग म्हणाल्या, "थकले होते, तरी दुसऱ्या दिवशी जायचे. दोन्ही लिहा." दोन्ही लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

बायबलबाईचं नाव मात्र सापडेना. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात साक्षीदार म्हणून तिची सही असेल म्हणून तीनही रजिस्टरं पालथी घातली. नोंद होती, पण 'बाई' आणि आडनाव, तेही दुसऱ्याने लिहिलेलं आणि पुढे तिचा अंगठा नाही, सही नाही. दुसऱ्यांना अक्षर शिकवणारी बाई, तिला कुणी पेन दिलं नव्हतं. 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या जुन्या अंकांत निधनवार्ता यायच्या म्हणून ज्यांच्याकडे अंक होते त्यांच्याकडे चौकशी केली. त्या वर्षाचे मिळाले नाहीत. मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं. सगळ्यांना ती आठवत होती. नऊवारी पातळ, पायांत पुरुषी चपला, हातात छत्री, उन्हाळा असो की पावसाळा. एकीने सांगितलं, "माझ्या आईला अक्षर तिनेच लावलं, तव्याच्या मागे खडूने." नाव? "आम्ही बाईच म्हणायचो." शेवटी खडकीकडे राहणारा तिचा नातू सापडला. त्यालाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "वडील आई म्हणायचे, आम्ही आजी. कागद काही राहिले नाहीत." त्याला याचं वाईट वाटलं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी पायरी उतरत होते तेवढ्यात त्याच्या बायकोने हाक मारली. "ताई, माळ्यावर आजींचं एक घंगाळ आहे. नाव घातलेलं असेल का?" आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत. लग्नात आलेलं, बक्षीस मिळालेलं भांडं नावाशिवाय राहत नाही. घंगाळ खाली काढलं तेव्हा ते काळंकुट्ट झालं होतं. त्यात जुने पडदे भरलेले. तिने चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि मोरीत बसून काठ घासायला लागली. मी शेजारी पाटावर. आधी टिंबं दिसली. भांड्यावरचं नाव टिंबाटिंबांनी ठोकलेलं असतं. मग 'नाताळ १९५१'. मग 'स्त्रियांच्या सभेकडून'. ती घासत होती आणि नातू दारात उभा राहून म्हणत होता, "हळू, हळू," जणू तिला लागेल. काठाच्या पार शेवटी, कडीच्या खाली, नाव होतं. तीन अक्षरी.

ते नाव मी इथे लिहीत नाही. नातू म्हणाला, "आधी देवळात वाचा, तिला ओळखणाऱ्यांसमोर. ते तिचं घर." त्याचा शब्द मी पाळते.

त्या रात्री बायबलातल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचला. आपण तो सहसा ओलांडून जातो, कारण त्यात नुसती नावं आहेत. पौल आधी फिबीची शिफारस करतो आणि मग एकेकाला सलाम सांगतो. फिबी, प्रिस्का, मरीया, त्रुफैना आणि त्रुफोसा, पर्सिस. किती तरी बायका, आणि त्यांनी प्रभूमध्ये श्रम केले असं तो लिहितो. आणि मग म्हणतो, रूफाला सलाम सांगा आणि त्याच्या आईला, ती माझीही आईच आहे. या आईचं नाव तो लिहीत नाही. इतकी वर्षं हे वाचत आले, त्या दिवशी पहिल्यांदा अडखळले. आई म्हटलं आणि नाव राहून गेलं. आमच्या रजिस्टरात जे झालं तेच. पौलानेही ते प्रेमानेच केलं असणार.

उपासनेच्या दिवशी वेदीपुढे वाळूचं एक मोठं ताट ठेवलं होतं. नाव वाचलं की त्या घरातलं कुणीतरी पुढे येऊन मेणबत्ती लावायची. घरातलं कुणी नसेल तर संडे स्कूलची मुलं लावणार होती. यादी आम्ही पाळक आधी, मंडळीचे लोक नंतर अशी केली नाही. यावर कमिटीत वाद झाला, मी हट्टच धरला, आणि पाळकसाहेब माझ्या बाजूने उभे राहिले. ज्या साली जो गेला त्या क्रमाने. त्यामुळे बिशपांच्या हस्ते दीक्षा घेतलेले पाळक आणि देवळाचा झाडूवाला एकापाठोपाठ आले. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं रेव्हरंड टिळकांचं एक गीत सुरुवातीला गायलं. पेटीवर ज्या आजी होत्या त्यांच्या यजमानांचं नाव यादीत होतं, त्यांनी सूर थोडा खालचा धरला.

१९१८चं पान आलं तेव्हा मी एकेक नाव न गाळता वाचलं. एकेका नावापुढे एक मूल. मुलांना माहीत नव्हतं ती कोण, पण ती फार गंभीरपणे मेणबत्ती लावून जात होती. मग १९६३. मी आजीचं नाव घेतलं, पुढे आडनाव, पुढे 'बायबलबाई'. मागच्या बाकावरून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, हे नाव होय!" आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. नातू पुढे आला. त्याने घंगाळ आणलं होतं, लखलखीत घासलेलं. ते त्याने ताटाशेजारी ठेवलं.

शेवटी २०२१. पाळकीणबाई नागपूरहून आल्या होत्या, मुलीला घेऊन. त्यांच्या यजमानांचं टिपण मी वाचलं, थकले होते हेही आणि दुसऱ्या दिवशी जायचे हेही. मंडळी आपोआप उभी राहिली, तसं ठरलेलं नव्हतं. मग जे तेव्हा गायचं राहिलं होतं ते गीत गायलं. चारही कडवी. पाळकीणबाई गायल्या नाहीत. हात जोडून ऐकत राहिल्या. उपासनेनंतर एका तरुण मुलाने त्यांच्या हातात मूठभर मातीचा एक कागदी पुडा दिला आणि म्हणाला, "मी तेव्हा गेटबाहेर होतो, आत सोडलं नव्हतं." दुपारी ते दोघं आणि आम्ही काही जण दफनभूमीत गेलो. ती माती त्याने स्वतः टाकली.

पाळकसाहेबांनी आशीर्वाद देण्याआधी सहज विचारलं होतं, "कुणाचं नाव राहिलं असेल तर सांगा." मला वाटलं, एखादं येईल. पण बाकाबाकांतून नावं यायला लागली. कुणी उभं राहून, कुणी बसल्या जागेवरून. मी पेन्सिल घेऊन यादीच्या समासात लिहीत गेले. समास संपला तेव्हा मागच्या बाजूला लिहिलं. रविवारी सकाळी देवळाचं अंगण झाडणारे, कॉन्फरन्सला आलेल्या पाहुण्यांसाठी एकहाती भाकऱ्या थापणारी, गाण्याच्या वह्या स्वतःच्या हाताने उतरून देणारे मास्तर. सतरा नावं झाली. अठरावी नोंद एका मुलीने सांगितली, "आमच्या गल्लीतल्या त्या दादांची आई, दर महिन्याला प्रभुभोजनाची भाकर त्याच करायच्या." मी विचारलं, नाव काय त्यांचं? तिने आईकडे बघितलं, आईने पलीकडच्या बाकाकडे. कुणालाच आठवेना.

मी तेवढीच ओळ लिहिली आणि पुढे जागा मोकळी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दादांना फोन लावला.